दुभाषी नको

दादाची परदेशातल्या हॉस्पिटलातली फाइल वहिनीने माझ्याकडे दिली ती विम्याच्या कामासाठी. “तूच बघ, माझ्याच्याने आता ती पानं उलटवत नाहीत,” म्हणाली. मलाही त्यातलं काडीचं कळत नाही, पण अशा दिवसांत कुणी हातात काम ठेवलं की बरं वाटतं. चारशेच्या वर पानं होती. एका माणसाबद्दल १९ दिवसांत इतकं लिहिलं जातं याचंच मला आधी नवल वाटलं. रक्तातलं पोटॅशियम, लघवीचं माप, कुशीवर वळवल्याची वेळ, ‘दोन चमचे पाणी घेतलं, तिसरा नको म्हणाला’. ज्या पानावर रक्कम किंवा कोड असेल तेवढी बाजूला काढायची, असं काम. जमिनीवर फतकल मारून मी दोन गठ्ठे लावत होते. निम्म्याच्या पुढे कुठेतरी एक पान आलं, कोपरा दुमडलेलं. वर ‘स्पिरिच्युअल केअर’ असं छापलेलं आणि खाली चार ओळी. मराठीत सांगायचं तर अशा: ‘रुग्ण जागा. भेटीस होकार. दुभाषी देऊ केला. रुग्णाने नको म्हटलं. त्यानंतर रुग्ण सुमारे ३५ मिनिटं आपल्या मातृभाषेत बोलला. मला ती भाषा येत नाही. शेजारी बसून राहिले. उद्या पुन्हा येईन.’

वेळ होती संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. त्या वेळी मी कुठे होते ते मला पक्कं आठवतं, कारण त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या कॉफीच्या यंत्राने माझी नाणी गिळली होती आणि मी त्याच्या कडेवर थापा मारत उभी होते. वहिनी अंघोळीला घरी गेली होती. म्हणजे त्या सबंध इमारतीत दादाचं मराठी कळेल असं एकच माणूस होतं, आणि ते सहा मजले खाली एका यंत्राशी भांडत होतं.

३५ मिनिटं.

आमच्या वाट्याला त्या दिवसांत काय आलं? ‘पडदा ओढ.’ ‘पाय झाक.’ ‘तू जरा पडलीस का कुठे?’ दादा तसा कधीच फार बोलणारा नव्हता. फोनवरही ‘काय म्हणतेस’ आणि ‘ठेवतो’ यांच्यामध्ये जे काही बसेल तेवढंच. त्यामुळे ते पान वाचून मला आधी रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. लिहायला लाज वाटते, पण त्या रागाच्या तळाशी चक्क मत्सर होता. जिला ‘ळ’ उच्चारता आला नसता तिच्यापुढे याने अर्धा तास तोंड उघडलं, आणि मी, जिला याने सायकल शिकवली, ती पाय झाकत बसले.

ती बाई मला आठवत होती. मीच तिला दारातून परत पाठवलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशीची दुपार. दादाचा नुकता डोळा लागला होता. दारावर टकटक झाली. तिथे टकटक करून कुणी थांबत नाही; टकटक आणि दार ढकलणं एकाच हालचालीत होतं. ही थांबली. मीच उठून दार उघडलं. साठीकडे झुकलेली, करडे केस, मऊ तळव्यांचे बूट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात काही नाही. ते रिकामे हात मला पहिल्यांदा खटकले. त्या खोलीत रिकाम्या हाताने कुणी येतच नव्हतं. “मी इथली चॅप्लेन,” ती म्हणाली, “आत येऊ का?” माझ्या पोटात खड्डा पडला. माझ्या डोक्यात चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलातलं पाद्रीसारखं, अगदी शेवटी येणारं माणूस. डॉक्टरांना काही वाईट सांगायचं असणार आणि त्यांनी आधी हिला धाडलं असणार, असं मी क्षणात जुळवून टाकलं. “आम्ही त्यातले नाही,” मी म्हटलं. कशातले, ते मलाही ठाऊक नव्हतं. ती ‘बरं’ म्हणाली. माझ्या खांद्यावरून आत डोकावली नाही. “तुम्हाला नीट बसायला खुर्ची आहे ना?” एवढं विचारून गेली. अर्ध्या तासाने मी बाहेर आले तर दाराशी एक पाठ कलणारी खुर्ची ठेवलेली. तिने ठेवली की सफाई करणाऱ्याने, हे मी कधी विचारलं नाही. त्या खुर्चीत मी पुढच्या सगळ्या रात्री काढल्या.

फाइलीत त्या दुपारचीही नोंद निघाली. मागची पानं परत चाळली तेव्हा सापडली. ‘रुग्ण झोपेत. कुटुंबीयांनी भेट नको म्हटलं. रुग्ण जागा असताना त्यालाच विचारेन.’

‘त्यालाच’ या शब्दापाशी मी अडकले. तिने माझा नकार ऐकला, मान ठेवला, आणि तो माझ्याच नावावर लिहून टाकला. दादाच्या नावावर जाऊ दिला नाही. मी मात्र त्या दारात उभी राहून बिनदिक्कत ‘आम्ही’ म्हणाले होते. दादा त्या ‘आम्ही’त आहे की नाही, हे त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. भरतीच्या कागदावर धर्माच्या रकान्यात त्याने ‘काही नाही’ लिहिलं होतं आणि माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या खोलीत ‘नको’ हा शब्द दादाला वापरायला मिळतच नव्हता. कागदावर मिळत होता. प्रत्येक गोष्टीला त्याची संमती होती, खाली सही होती. पण पहाटे चारला रक्त काढायला येणाऱ्या मुलाला कोण नको म्हणतं? दर दोन तासांनी दंडाला पट्टा आवळला जातो, त्याला कोण नको म्हणतं? डॉक्टर सकाळी सहा जणांचा घोळका घेऊन येतात, पांघरूण बाजूला होतं, पोट दाबलं जातं, पांघरूण परत येतं. माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. पण त्यांच्या येण्याला दादाच्या होकाराची गरज नव्हती. गरज होती ती या एकाच रिकाम्या हातांच्या बाईला. या पेशाचं शिक्षण घेतलेला एक मुलगा मला नंतर भेटला, तो हसत म्हणाला, “पेशंटला हाकलून देता येईल असा अख्ख्या हॉस्पिटलात एकच माणूस असतो, तो म्हणजे चॅप्लेन. आणि पुष्कळदा आमचा तेवढाच उपयोग असतो. हाकलून झालं की पेशंटला जरा बरं वाटतं.”

मी मग रात्री रात्री या लोकांबद्दल वाचत बसले. शोक करायची ही एक सुरक्षित पद्धत आहे; माहिती गोळा करताना डोळे कोरडे राहतात. पहिला घोळ शब्दाचा. मराठीत यांना काय म्हणायचं? धर्मोपदेशक म्हणावं तर त्यात उपदेश आला, आणि उपदेश यांना चक्क वर्ज्य आहे. आपला धर्म दुसऱ्याच्या खाटेवर नेऊन मांडायचा नाही हा या पेशाचा पहिला नियम. पुरोहित म्हणावं तर तो पुढे बसवलेला. हे लोक बाजूला बसतात. समुपदेशक म्हणावं तर पुन्हा उपदेश आलाच, वर ‘सम’ लागून. शेवटी मला वाटतं, आपल्याकडे शब्द आहे, फक्त तो पदाचा नाही. कुणी आजारी पडलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘सोबतीला कोण आहे?’ उपचाराला कोण आहे, असं विचारत नाही. सोबतीला. तो शब्द घ्यायचा आणि त्याला पगार, पदवी आणि रात्रपाळी जोडायची, की झालं.

मूळ शब्दाची गोष्ट मात्र मला आवडली. चौथ्या शतकातला मार्टिन नावाचा रोमन सैनिक. आजच्या फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीपाशी त्याला थंडीने काकडणारा एक भिकारी दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध फाडला आणि अर्धा त्याला दिला, अशी आख्यायिका. तो झगा म्हणजे लॅटिनमध्ये ‘काप्पा’. पुढे मार्टिन संत झाला, फ्रँक राजांनी तो झगा पवित्र वस्तू म्हणून जपला, आणि तो सांभाळणाऱ्याला काप्पावरून नाव पडलं, त्याचंच पुढे चॅप्लेन झालं. मला यात भावतं ते अर्धेपण. त्याने पूर्ण झगा दिला नाही. त्यालाही थंडी वाजत होती.

रुग्णालयातल्या आजच्या चॅप्लेनचा वंश मात्र संतापर्यंत जात नाही, एका रुग्णापर्यंत जातो. अँटन बॉइझन हा अमेरिकेतला, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा पाद्री. १९२० मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, त्याचं मन पार ढासळलं आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे त्याच्या लक्षात आलं की आपल्यावर जे गुदरतंय त्यात आजार आहे तसाच एक आध्यात्मिक पेचही आहे, आणि त्याबद्दल बोलायला इथे कुणी नाही. बरा होऊन बाहेर आल्यावर १९२४ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाला, आणि १९२५च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी घेऊन त्याने पहिला वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे वॉर्ड. विद्यार्थ्यांनी दिवसभर मदतनिसाचं काम करायचं, रुग्णांच्यात वावरायचं, आणि मग बसून बोलायचं. पोथ्या पुष्कळ वाचल्यात, आता ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ वाचा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या पाठीशी उभा राहिला तो डॉक्टर रिचर्ड कॅबट. हा मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातला, तिथे १९०५ मध्ये रुग्णांसाठी समाजसेवेचा विभाग काढणारा. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसारखं धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही एक वर्ष खाटेपाशी काढावं, असं त्याने त्याच १९२५ मध्ये लिहून मांडलं. इथवर सगळं छान. मग १९३० मध्ये बॉइझन पुन्हा आजारी पडला आणि कॅबटने त्याच्यापासून अंग काढून घेतलं. ज्या आजारातून ही सगळी कल्पना उगवली तोच आजार परत आला तेव्हा डॉक्टरला तो चालेना. हे वाचून मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला आणि जरा वेळ तशीच बसले. बॉइझन मात्र सावरला, दुसऱ्या रुग्णालयात गेला आणि काम करत राहिला.

आज अमेरिकेत या शिक्षणाचं एक युनिट ४०० तासांचं असतं, आणि व्यावसायिक प्रमाणपत्राला अशी चार लागतात. म्हणजे १६०० तास, तेही पदव्युत्तर शिक्षणाच्या वर. मला हे ऐकून हसू आलं होतं. शेजारी बसायला १६०० तास? मग त्या मुलाने मला ‘व्हर्बॅटिम’ म्हणजे काय ते सांगितलं आणि माझं हसू मावळलं. रसेल डिक्स नावाच्या चॅप्लेनने १९३०च्या दशकात, त्याच मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये, रुग्णांशी झालेली बोलणी भेटीनंतर आठवून लिहून काढायला सुरुवात केली. ती पद्धत रूढ झाली. भेट संपली की कोपऱ्यात बसायचं आणि झालेलं बोलणं आठवेल तसं शब्द न् शब्द लिहायचं, नाटकासारखं. चॅप्लेन एक, पेशंट एक, चॅप्लेन दोन, पेशंट दोन. कोण कुठे थांबलं, कुणी खिडकीकडे बघितलं, सगळं. मग ते गटापुढे वाचायचं आणि बाकीचे त्याची चिरफाड करणार.

त्या मुलाचं पहिलं व्हर्बॅटिम त्याला पाठ आहे. एक म्हातारे गृहस्थ, हृदयाचा आजार. ते म्हणाले, “मला घरी जायचंय.” हा म्हणाला, “जाल हो, लवकरच जाल.” गटात वाचताना याला वाटलं होतं, या ओळीला काय शिव्या पडणार? साधी धीराची ओळ आहे. शिकवणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवलं. “तुला कसं माहीत ते लवकर जाणार आहेत?” माहीत नव्हतं. “मग तू हे कुणासाठी बोललास?” तो म्हणाला, खोलीत सात माणसं होती आणि मला त्या खुर्चीत गाडून घ्यावंसं वाटलं. कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःलाच ते वाक्य ऐकवत नव्हतं, म्हणून त्याने त्यावर झाकण घातलं. “आणि ‘घरी’ म्हणजे नेमकं कुठे, हे मी त्यांना विचारलंच नाही,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारायला गेला तर खाट रिकामी, नवी चादर घातलेली.

मी त्याच्यासमोर बसून मनातल्या मनात माझं व्हर्बॅटिम लिहीत होते. दादा एक: ‘हे काही खरं नाही आता.’ बहीण एक: ‘असं बोलू नको.’ दादा दोन: काही नाही. माझ्या पानावर ‘दादा तीन’ आलाच नसता. आम्ही सगळे त्याच्यापुढे आशा घेऊन बसत होतो, आणि आशा घेऊन बसलेल्या माणसांपुढे आजारी माणसाला फार काही बोलता येत नाही. त्यालाच उलटं त्यांची काळजी घ्यावी लागते. ‘तू जरा पडलीस का कुठे?’

बाकी हे लोक दिवसभर काय करतात ते सांगायचं तर बरंचसं काम अध्यात्म या शब्दाच्या आसपासही नसतं. रात्री तीनला पेजर वाजतो, अपघात विभागात कुणी आणलेलं असतं, नातेवाइकांना शोधून एका खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं, डॉक्टर येईपर्यंत थांबायचं आणि डॉक्टर बोलून गेल्यावरही थांबायचं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तेव्हा बाकी सगळे निघून जातात. काही ठिकाणी गेलेल्या माणसाची पिशवी नातेवाइकांच्या हातात देणं हेही यांच्याकडे असतं: चष्मा, कवळी, घड्याळ. पुष्कळदा समोर रुग्ण नसतोच, नर्स असते. बाळ दगावलेल्या पाळीनंतर औषधांच्या कपाटाआड उभी राहिलेली नर्स. २०२०च्या साथीत तर हे काम काचेबाहेरून आणि टॅब्लेटच्या पडद्यावरून झालं. आतल्या माणसाच्या कानाशी फोन धरायचा आणि पलीकडे घरच्यांनी बोलायचं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९४८ला, सुरुवातीपासूनच, चॅप्लेन आहेत. आणि सगळे देवाचं मानणारेच असतात असंही नाही. नेदरलँड्समध्ये मानवतावादी सोबती रुग्णालयांत पगारावर असतात, उट्रेख्टला त्यांच्या शिक्षणासाठी विद्यापीठच आहे. माझं ‘आम्ही त्यातले नाही’ ऐकून तिथला माणूस म्हणाला असता, ‘मीही नाही, आत येऊ का?’

सिसिली सॉन्डर्सबद्दल वाचलं तेव्हा दादाचा एक हट्ट मला नव्याने कळला. ही बाई आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं ठिकाण, उघडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं एकच नसतं, असं तिचं निरीक्षण. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि ‘हे सगळं कशासाठी’ याचं, अशी सगळी मिळून एकच कळ होते, आणि तिला ती ‘संपूर्ण वेदना’ म्हणायची. दादाला दुखण्याचा आकडा विचारायचे, शून्य ते दहा. तो दरवेळी ‘चार’ म्हणायचा. मॉर्फिन वाढवलं तरी चार, कमी केलं तरी चार. नर्स वैतागायची. आम्हाला वाटायचं, गोळ्यांची गुंगी लागून त्याला प्रश्न कळत नाही. आता वाटतं, त्या चारामध्ये असं काही होतं ज्याला मॉर्फिन लागू पडत नव्हतं, आणि तो आपला इमानाने आकडा सांगत होता.

उत्तर कॅरोलायनातल्या रुग्णालयांत पंचावन्नच्या पुढच्या सुमारे ६०० रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं ज्यांच्या मनात घोळत होतं त्यांच्यात मृत्यू थोडे अधिक आढळले, बाकीची दुखणी हिशेबात धरूनसुद्धा. मला अशा आकड्यांची जरा भीतीच वाटते. मनातली तगमग प्राणावर बेतते असं सिद्ध झालं की मग तगमगीचाही इलाज सुरू होतो, आणि रकाने येतात. आलेच आहेत. दादाच्या फाइलीत त्याच विभागाचा एक छापील तक्ता होता: ‘अस्तित्वविषयक अस्वस्थता: आहे / नाही / सांगता येत नाही’. कुणीतरी ‘सांगता येत नाही’वर खूण केली होती. आधी मी हे वाचून खिक्‌कन हसले, मग वाटलं, त्या ४०० पानांतलं सर्वांत खरं उत्तर हेच असेल.

त्या मुलाला मी ती चार ओळींची नोंद वाचून दाखवली. नाव, तारीख वगळून. त्याने नीट ऐकली, आणि म्हणाला, “चांगली नोंद आहे.” मला संताप आला. “काय चांगलं आहे? तिला एक अक्षर कळलं नाही!” तो म्हणाला, “तेच लिहिलंय ना तिने. मी असतो तर ‘रुग्णाने भावना व्यक्त केल्या’ असं लिहिलं असतं. किंवा ‘रुग्णाने कुटुंबाविषयी आठवणी सांगितल्या’. आवाजावरून अंदाज करून. ते लिहिण्याचा मोह फार असतो, कारण वरच्यांना काहीतरी दाखवायला लागतं.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि दुभाषी फोनवर दोन मिनिटांत मिळतो. पेशंटला ते माहीत होतं. आधी डॉक्टरांबरोबर वापरलाही असेल.”

नव्हता वापरला. दादाला दुभाष्याची गरजच नव्हती. ३१ वर्षं तो त्या लोकांच्या भाषेत नोकरी करत होता, त्यांच्या भाषेत विनोद करत होता, आणि त्या बाईंशीही आधीच्या भेटीत त्याच भाषेत बोलला असणार. होकार तर त्यांच्याच भाषेत दिला असेल. मधेच कुठेतरी त्याने रूळ बदलला. ती गोंधळली असेल, तिला वाटलं असेल, याला आपल्या भाषेत शब्द सापडेनात, दुभाषी बोलवावा. आणि तो म्हणाला, नको. बहीण खाली कॉफी आणायला गेलीय, तिला बोलवा, असंही म्हणाला नाही. त्याला बोलायचं मराठीतच होतं आणि कळायचं कुणालाच नव्हतं.

काय बोलला असेल? मी पुष्कळ काही घालून पाहिलं. अण्णांशी झालेलं ते भांडण, जे मिटायच्या आत अण्णा गेले. वहिनीबद्दल काही. मुलाबद्दल. भीती. किंवा मी कधी ऐकलंच नाही असं एखादं नाव. कधी कधी वाटतं, तो नुसता पाढे म्हणत असेल. लहानपणी झोप येत नसली की दादा अंथरुणात पाढे म्हणायचा, पावकी, निमकी, पाऊणकी करत अडीचकीपर्यंत, आणि मी मधेच झोपून जायचे. ३५ मिनिटं त्याने दीडकीच म्हटली असेल आणि ती बाई गंभीर चेहऱ्याने ऐकत बसली असेल. या कल्पनेने मला एकदा रिक्षात इतकं हसू फुटलं की चालकाने आरशातून पाहिलं. पण दीडकी म्हणणाऱ्या माणसाला ‘दुभाषी नको’ म्हणावंसं वाटणार नाही, हेही खरं.

त्या बाईंना मेल लिहावा असं दोनदा मनात आलं. विषयाच्या ओळीच्या पुढे गेले नाही. काय विचारणार होते? तो रडला का? त्याने तुमचा हात धरला होता का? त्या सांगणार नाहीत, आणि सांगायला त्यांच्याकडे काही नाही. त्यांनी व्हर्बॅटिम लिहायला घेतलं असतं तरी ‘पेशंट एक’च्या पुढे कोरंच राहिलं असतं.

विम्याचे कागद शेवटी मी लावून टाकले. रकमेची पानं ६२ निघाली. त्यांच्या बिलाशी जुळवून पाहिलं, ओळ न् ओळ जुळली. कापसाच्या बोळ्यांचेसुद्धा पैसे लावलेले होते. चॅप्लेनच्या तिन्ही भेटींची ओळ कुठे नव्हती. त्या भेटींना दरच नव्हता, त्यामुळे ते पान कुठल्याच गठ्ठ्यात जाईना. बाकीची फाइल परत बांधताना मी ते जागच्या जागी ठेवायला घेतलं आणि कोपऱ्याची दुमड बोटाने सरळ करू लागले. ती नीट होईना. पक्की दाबलेली होती, नख फिरवून. मला इतके दिवस वाटत होतं, छापताना किंवा भरताना दुमडला असेल. मी फाइल पुन्हा सोडली आणि चारशेच्या चारशे पानांच्या कडा अंगठ्याखालून सोडल्या. आणखी एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

संध्याकाळी फाइल घेऊन वहिनीकडे गेले. तिने विचारलं, “झालं का सगळं?” मी म्हटलं, “झालं.” तिने फाइल घेतली, कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली, आणि कपाट लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “बस जरा, घाई नाही ना?”

मी बसले.